आजची पुळी दोन महिन्यांपूर्वीची

अकोल्यात किंवा अमरावतीत शिकवणीचा वर्ग सुटायच्या वेळी रस्त्याकडेला उभं राहा. पंधरा ते अठरा वयाची शेकडो मुलं-मुली एकदम बाहेर पडतात, डोळ्यांपर्यंत दुपट्टा घट्ट बांधतात आणि गाड्या काढतात. त्या दुपट्ट्याआडच्या चेहऱ्यावरून कितीतरी घरांत रोज वाद होतो. मुलगी दिवसातून सहा वेळा फेसवॉशने तोंड धुते. आई ओरडते, "किती घासशीन व तोंड? साल निंगन आता!" आजीचं म्हणणं, अंगात उष्णता झाली. वडील म्हणतात, ती कचोरी आणि तो मोबाइल आधी बंद कर. मुलगी कचोरी सोडते, संत्र्याच्या सालीची पावडर लावते, जायफळ उगाळून लावते. तरी आठवड्याला नवी मुरुमं येतात. आणि तिचा मावसभाऊ, रोज गिला वडा खाणारा, साध्या पाण्याने तोंड धुणारा. त्याच्या गालावर एक फोड नाही.

हे असं का होतं? आणि उपाय केल्यावरही लगेच का थांबत नाही? दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे वेळ. आज जी पुळी आरशात दिसते, ती साधारण दोन महिन्यांपूर्वी त्वचेच्या आत सुरू झालेली असते. हे एवढं ध्यानात आलं तर कुठलं औषध कसं लावायचं आणि कुठल्या ट्यूबेपासून लांब राहायचं, हे बरंचसं कळतं.

तेल कुठून येतं

आपल्या त्वचेत केसाच्या मुळापाशी एक छोटी तैलग्रंथी असते. कपाळावर, नाकावर, गालावर केस इतके बारीक असतात की दिसत नाहीत, पण त्यांच्या ग्रंथी मोठ्या असतात. चेहऱ्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा ४०० ते ९०० ग्रंथी असतात. छातीवर आणि पाठीवरही त्या पुष्कळ असतात, म्हणून मुरुमं तिथेही येतात. तळहातावर आणि तळपायावर एकही नसते, म्हणून तिथे कुणालाच येत नाहीत. या ग्रंथीतून जो स्निग्ध द्रव बाहेर पडतो त्याला सीबम म्हणतात. तो वाईट नाही. त्वचेचा मऊपणा त्याच्यामुळे टिकतो.

लहानपणी या ग्रंथी जवळजवळ झोपलेल्या असतात. सात-आठ वर्षांच्या सुमारास मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजन नावाची संप्रेरकं थोडी थोडी सोडू लागतात. पुढे वयात येताना मुलांमध्ये वृषण आणि मुलींमध्ये अंडाशयही त्यात भर घालतात. अँड्रोजनला पुरुषी संप्रेरक म्हणायची पद्धत आहे, पण ती मुलींच्या शरीरातही असतात आणि असायलाच हवीत. या संप्रेरकांचा निरोप मिळाला की तैलग्रंथी वाढतात आणि जास्त तेल तयार करतात. मुली मुलांपेक्षा लवकर वयात येतात, म्हणून त्यांची मुरुमंही आधी सुरू होतात.

मग मावसभाऊ कसा सुटला? ग्रंथी रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर स्वतःच त्याहून प्रभावी अशा द्रव्यात करून घेते. काहींच्या ग्रंथी हे काम जोरात करतात, काहींच्या मंद. त्यामुळे दोघांच्या रक्तात संप्रेरकाचं प्रमाण सारखं असूनही एकाचा चेहरा तेलकट आणि दुसऱ्याचा कोरा राहू शकतो. ग्रंथीचा हा स्वभाव बहुतांशी आई-वडिलांकडून येतो. ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींच्या शेकडो जोड्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मुरुमांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ८१ टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे, असं त्यात आढळलं. कचोरीवर बोट ठेवणाऱ्या वडिलांनी आपला बारावीचा फोटो एकदा काढून पाहायला हरकत नाही.

आणि हे आजचं दुखणं नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' सांगितली आहे. तरुणांच्या चेहऱ्यावर शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांसारख्या येणाऱ्या पिटिका, असं तिचं वर्णन आहे. मेळघाटात काटेसावरीचं खोड ज्यांनी पाहिलं आहे, बुडाशी रुंद आणि टोकाशी टोचणारा तो काटा ज्यांना आठवतो, त्यांना हे निरीक्षण किती नेमकं आहे ते पटेल. त्या काळी मोबाइल नव्हता, फेसवॉश नव्हता. वय तेवढं हेच होतं.

ठिबक चोक होतं तसं

नुसत्या तेलाने मुरूम होत नाही. त्यासाठी वाट बंद व्हावी लागते.

वरूड-मोर्शीकडच्या ज्या घरात संत्र्याची बाग आहे, त्यांना हे सांगायला वेळ लागणार नाही. ठिबकच्या ड्रिपरचं तोंड पाण्यातल्या क्षारांनी हळूहळू बारीक होत जातं. एक दिवस थेंब थांबतो. आपल्याला झाड सुकलेलं दिसतं तेव्हा कळतं, पण क्षार बसायला सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. नळी बाहेरून कितीही पुसली तरी ड्रिपर मोकळा होत नाही. त्यासाठी नळीच्या आतून आम्लाचं पाणी सोडावं लागतं. आणि हुशार शेतकरी चोक झालेला एकच ड्रिपर धरून बसत नाही, सगळ्या लाइनला आम्लप्रक्रिया करतो. कारण बाकीचे ड्रिपरही त्याच वाटेवर असतात.

त्वचेत असंच घडतं. ज्या बारीक नळीतून तेल वर येतं तिच्या आतल्या भिंतीवरच्या पेशी सतत मरतात आणि तेलाबरोबर एकेक करून बाहेर वाहून जातात. वयात येताना या पेशी जास्त तयार होतात आणि एकमेकींना चिकटू लागतात. पेशी आणि तेल मिळून नळीच्या तोंडाशी बूच बसतं. हे बूच सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. त्वचारोगतज्ज्ञ त्याला मायक्रोकोमेडोन म्हणतात. ते डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं व्हायला साधारण आठ आठवडे जातात. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी 'नेमकी' उगवलेली पुळी ही पत्रिका छापायला टाकल्या तेव्हापासूनची असते.

तोंड धुणं म्हणजे नळी बाहेरून पुसणं. वरचं तेल आणि धूळ जाते, आतलं बूच जागेवर राहतं. फार धुतलं, घासलं तर उलट त्वचा सोलवटते आणि लाल होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडे, हा त्रास अधिक जाणवतो. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, चेहरा ओढल्यासारखा होतो. मुरुमांचं मूळ खाऱ्या पाण्यात नाही. पण आधीच कोरड्या पडलेल्या त्वचेवर औषध लावलं की आग होते, आणि मुलं औषधच सोडून देतात. तिथे फेसाळ साबणापेक्षा सौम्य क्लीन्झर आणि दिवसातून दोनदाच धुणं बरं.

काळं टोक, पांढरं टोक, लाल फोड

बुचाचं तोंड उघडं राहिलं तर टोक काळं दिसतं. तो मळ नाही. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि तेल यांचा हवेशी संयोग होऊन तो रंग येतो, म्हणून घासून जात नाही. तोंड बंद राहिलं तर त्वचेखाली बारीक पांढरा दाणा दिसतो.

आता आतली हवा बंद झाली. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहतात. मावसभावाच्याही. त्यांना तेल हवं असतं आणि ऑक्सिजन नको असतो. बंद नळीत दोन्ही सोयी होतात. ते तेलाचं विघटन करतात, त्यातून त्रासदायक द्रव्यं निघतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा तिथे धावून येते. त्या जागी लाली, सूज आणि दुखरेपणा येतो, पुढे पू धरतो. नळीची भिंत आतल्या आत फुटली तर हे सगळं खोल त्वचेत पसरतं आणि दुखरी गाठ होते. खड्डे पडतात ते बहुधा अशा खोल फोडांमुळे.

नखाने फोड फोडल्यावर वर थोडा पू येतो आणि सुटल्यासारखं वाटतं. पण तोच दाब खालीही जातो, आणि वरवरचा फोड खोल जातो. चिमटायची सवय मोडणं हा कुठल्याही क्रीमपेक्षा स्वस्त उपाय आहे. सोपा नाही, हे मान्य. अभ्यासाच्या ताणात हात आपोआप गालाकडे जातो.

फोड बसल्यावर मागे राहतो तो डाग. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत सूज आली की तिथे मेलॅनिन जास्त तयार होतं आणि काळपट ठिपका उरतो. हा व्रण नाही. नवे फोड थांबले आणि ऊन टाळलं तर तो काही महिन्यांत फिका होतो. डाग आणि खड्डा यांतला हा फरक घरात कुणी सांगत नाही, आणि इथेच मुलं फसतात. त्याबद्दल पुढे.

उष्णता, कचोरी आणि दूध

आजीची उष्णता अगदीच खोटी नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात त्वचेचं तापमान एका अंशाने वाढलं की तेलाचं बाहेर पडणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं, असं दिसलं होतं. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट प्रदेशात पाठवलेल्या सैनिकांच्या पाठीवर आणि छातीवर इतके तीव्र फोड येत की त्याला वेगळं नावच पडलं. घामाने नळीचं तोंड फुगतं आणि आणखी आवळतं. तेव्हा उष्णता अंगातली नाही, बाहेरची.

आणि बाहेरची उष्णता वऱ्हाडाला सांगायला नको. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली, शिकवणी वर्गही भर उन्हाच्या वेळी घेऊ नयेत असा आदेश निघाला. अशा दिवसांत चेहरा बांधणं गरजेचंच आहे. पण तोच घामट दुपट्टा आठ दिवस वापरला, तोही घट्ट, तर सततच्या घर्षणाने हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला फोड वाढतात. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तेच. सुती, सैल आणि रोज धुतलेला दुपट्टा वापरला की हा भाग कमी होतो. केसांना चोपडलेलं खोबरेल तेल कपाळावर उतरतं, तेही नळ्या बंद करतं. कपाळावरच्या बारीक दाण्यांचं कारण पुष्कळदा हेच असतं.

खाण्याचं काय? १९६९ साली अमेरिकेत एक गाजलेला प्रयोग झाला. त्याच मुलांना काही वेळ चॉकलेट आणि काही वेळ चॉकलेट नसलेली वडी देऊन तुलना केली आणि चॉकलेटने मुरूम वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला. 'खाण्याचा संबंध नाही' असं डॉक्टर त्यानंतर कित्येक वर्षं सांगत राहिले. गोम अशी होती, की त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी भरपूर होती. २००२ साली पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे बाराशे माणसं तपासली, एकालाही मुरूम नव्हता. त्यांच्या जेवणात कंद, फळं, मासे, नारळ. साखर आणि मैदा जवळजवळ नाही. एका बेटावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, त्यांची आनुवंशिकताही वेगळी. पण २००७ साली ऑस्ट्रेलियात पंधरा ते पंचवीस वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांनी रक्तातली साखर भरकन न वाढवणारं अन्न घेतलं, त्यांचे फोड दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले.

साखर भरकन वाढली की इन्सुलिन वाढतं, आणि त्याच्या प्रभावाने अँड्रोजनचं काम आणखी जोरात चालतं. तेव्हा कचोरीतल्या तेलापेक्षा तिच्यातल्या मैद्याकडे आणि सोबतच्या गार गोड बाटलीकडे बघावं. तळणीतलं तेल पोटातून थेट गालावर येत नाही. वऱ्हाडच्या ताटात ज्वारीची भाकर होती, ती गेली आणि बिस्किटं-ब्रेड आले, याची मला मुरुमांपलीकडेही खंत वाटते. भाकर खाल्ली म्हणून तोंड साफ होईल, असं मात्र कुणाला सांगू नये.

दुधाचा संबंध काही पाहण्यांत दिसतो, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा. जिममध्ये जाणाऱ्या काही मुलांच्या पाठीवर व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर फोड उठतात; ती दुधाचीच असते. अमरावती हे १९१४ सालच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं गाव, इथे व्यायामाला कुणी नाव ठेवू नये. पावडरीचा डबा मात्र दोन-तीन महिने बंद ठेवून पाहावा. आणि अंग भरायला कुणी 'इंजेक्शन' सुचवलं तर ती बहुधा अँड्रोजनच असतात. मुरूम हा त्यांचा सगळ्यात सौम्य दुष्परिणाम.

तीन दिवसांत गुण देणारी ट्यूब

या लेखात सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट ही. मैत्रिणीने सांगितलेली किंवा मेडिकलमधून अशीच मागून आणलेली एक ट्यूब असते. लावली की तीन-चार दिवसांत लाली जाते, चेहरा उजळतो. मुरूम तयार व्हायलाच दोन महिने लागतात हे आता आपल्याला ठाऊक आहे. मग तीन दिवसांत गुण देणारं औषध बुचावर काम करत असेल का? नाही. ते फक्त सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. अशा ट्यूबेत बहुधा स्टेरॉइड असतं.

काही आठवडे लावल्यावर त्वचा पातळ होते, बारीक लाल रेघा दिसतात, गालावर लव वाढते, उन्हात आग होते आणि एकसारख्या बारीक फोडांचा नवाच थर उठतो. ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद होतो, म्हणून पुन्हा लावली जाते. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिदल उभारलं. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती मिळतात. म्हणून ट्यूबेवरचं बारीक अक्षर वाचा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ती मुरुमांवर लावायची नाही. काळे डाग घालवायला म्हणून मिळणाऱ्या 'गोरं करणाऱ्या' तीन औषधांच्या मिश्रणातही यांतलं एक असतं. गावागावांत मुली ती पावडरीखाली रोज लावताना दिसतात. त्यांना कुणी दोष देऊ नये. सावळ्या मुलीला रंगावरून टोचून बोलणारी माणसं त्या ट्यूबेइतकीच जबाबदार आहेत.

घरगुती उपायांपैकी मुलतानी माती वरचं तेल टिपते, तेवढंच. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळी पडू शकते. संत्र्याच्या सालीतलं तेलही नाजूक त्वचेला झोंबतं. आपल्या भागाचं फळ आहे, ते खावं.

औषध नळीच्या आत

ॲडापलीन नावाचं जेल पेशींचं चिकटणं कमी करतं, म्हणजे बूच बनूच देत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड बंद नळीत ऑक्सिजन सोडतं, आणि ऑक्सिजन त्या जिवाणूंना सोसत नाही. त्याची त्यांना सवयही होत नाही. सौम्य आणि मध्यम मुरुमांना ही दोन औषधं पुष्कळदा पुरतात. क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक जेल एकटं लावलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात.

> चौकट : लावायचं कसं
> ॲडापलीन रात्री, धुतलेला चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढं. फक्त फोडावर नाही, तर मुरुमं जिथे येतात त्या सगळ्या भागावर, कारण पुढची बुचं तिथेच दडलेली आहेत. डोळे, ओठ, नाकपुड्यांच्या कडा सोडाव्यात.
> पहिले दोन आठवडे एक रात्र आड. कोरडं वाटलं तर तेल नसलेलं मॉइश्चरायझर.
> बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं पुरतं. जास्त टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, आग वाढते. उशीच्या खोळीचा आणि टॉवेलचा रंग उडतो, पांढरे वापरावेत.
> सकाळी जेल स्वरूपातलं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त.
> गरोदरपणात ॲडापलीन वापरू नये.

पहिले तीन-चार आठवडे फोड थोडे वाढल्यासारखे वाटू शकतात. आधीच तयार असलेली बुचं वर येत असतात. इथेच बहुतेक मुलं औषध टाकून देतात आणि मैत्रिणीच्या ट्यूबेकडे वळतात. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. चेहरा स्वच्छ झाला तरी लावणं चालू ठेवायचं, कारण नवी बुचं बनायची थांबलेली नसतात. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवला तर फरक आरशापेक्षा चांगला कळतो.

डॉक्टरांकडे केव्हा

खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागणं, पाठ-छाती भरून जाणं, किंवा तीन महिने नीट औषध लावूनही फरक नसणं ही कारणं पुरेशी आहेत. खड्डे पडायची वाट पाहू नये. फोड लवकर थांबवता येतात, खड्डे भरून काढणं फार कठीण. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर अंडाशयाशी संबंधित पीसीओएसची तपासणी करून घ्यावी.

डॉक्टर काही महिन्यांसाठी डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात. त्या भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. त्यांनी ऊन फार लागतं. वऱ्हाडच्या एप्रिल-मेमध्ये हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं. तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन आहे. अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेलं हे औषध तैलग्रंथीच लहान करतं आणि कित्येकांचा त्रास कायमचा थांबवतं. ओठ फार कोरडे पडतात, रक्तातली चरबी आणि यकृत तपासत राहावं लागतं. गर्भावर त्याचा फार घातक परिणाम होतो, म्हणून ते घेताना आणि थांबवल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घ्यायची नाही.

"लगन झालं का जातेत आपोआप," असं म्हणून मुलांना गप्प करणं थांबायला हवं. विशीच्या पुढे पुष्कळांची मुरुमं कमी होतात हे खरं, पण तोवर पाच-सात वर्षं जातात, आणि ती नेमकी स्वतःबद्दल मत बनण्याची वर्षं असतात. मुलगा फोटोत येणं टाळू लागला, मुलगी वर्गातही दुपट्टा सोडेना, जेवण-झोप बिघडली, तर चेहऱ्याइतकीच मनाचीही विचारपूस करावी आणि डॉक्टरांना तेही सांगावं.

अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय किंवा अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, अशा ठिकाणी त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. स्टेरॉइड होतं की नाही हे डॉक्टरांना त्यावरून कळतं, आणि ते एकदम बंद करायचं की हळूहळू, हे ठरवता येतं.